सोलापुरात पहाटे वेळेवर उठायचं तर आधी खोली, मग गजर

माळवद

पहाटे उठण्याविषयी कुणी विचारलं की उत्तरं बहुतेक निश्चयाबद्दलची येतात. सोलापूरपुरतं बोलायचं तर फेब्रुवारी संपल्यापासून पहिल्या पावसापर्यंत खरी अडचण खोलीच्या उष्णतेची असते. म्हणून हा धागा तिथून सुरू करतो. गजर, दिवसाचं वेळापत्रक, तब्येत यांबद्दल ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी पुढे लिहावं.

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. हातापायांच्या कातडीतून उष्णता बाहेर जाते आणि मग डोळा लागतो. खोलीच ३४-३५ अंशांची असेल तर ती उष्णता जाणार कुठे? माणूस दहाला आडवा होतो, कूस बदलत राहतो आणि गाढ झोप लागेपर्यंत एक वाजतो. पाचला गजर झाला तेव्हा झोप जेमतेम चार तासांची झालेली असते. त्याने गजर बंद केला तर त्याला आळशी म्हणून उपयोग नाही.

यात मोठा वाटा स्लॅबचा. चार-पाच इंची आरसीसी स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता खालच्या बाजूला पोचायला तीन ते पाच तास लागतात. ऊन दुपारी कडक असतं, पण छताची खालची बाजू सगळ्यात गरम होते ती संध्याकाळी, आणि मध्यरात्रीपर्यंत ती खाली उष्णता टाकत राहते. जुन्या वाड्यांच्या माळवदावर मातीचा जाड थर असायचा, त्यातून इतकी उष्णता खाली येतच नसे.

स्वतःची गच्ची असेल तर मार्च लागायच्या आत चुना मारून घ्या. सगळ्या उपायांत हा स्वस्त आणि सर्वांत गुणाचा. कळीचा चुना आदल्या दिवशी विरवून ठेवायचा. तो लोखंडी पिंपात विरवा, प्लास्टिकच्या बादलीत नको, कारण पाणी उकळी फुटेल इतकं तापतं. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, अंगावर उडतो. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून घ्या. पाच भाग चुन्याला एक भाग पांढरा सिमेंट आणि थोडा डिंक घालून दुधापेक्षा जरा दाट ठेवा. गच्ची झाडून, शेवाळ खरवडून, पाणी मारून ओली करा आणि ऊन उतरल्यावर पहिला हात द्या. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, पहिल्याला आडवा. त्यानंतर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी शिंपडा. चुना पावडर होऊन पायाला लागतो त्याची कारणं दोनच: तापलेल्या कोरड्या स्लॅबवर भर दुपारी मारलेला असतो, किंवा खालची धूळ काढलेली नसते. डोळ्यांवर चष्मा हवाच. डोळ्यात उडाला तर साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

एवढ्याने खालची खोली दोन-तीन अंशांनी उतरते. झोप अकराला लागणार की एकला, ते या दोन-तीन अंशांवर ठरतं.

कूलरबद्दल थोडं. आपल्याकडची मार्च ते मेची हवा कोरडी, त्यामुळे पाण्याचा कूलर इथे उत्तम चालतो. पण तो खोलीच्या आत मधोमध ठेवला की तासाभरात खोली दमट होते आणि अंग चिकट. कूलर खिडकीत बसवा, बाहेरची हवा ओढू द्या, आणि समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवा. बोअरच्या पाण्याने जाळीवर क्षार बसतात, मग पाणी सगळीकडे झिरपत नाही आणि वारा कोरडा येतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, डासांच्या अळ्यांसाठीही ते लागतंच. जूननंतर हवेत ओल आली की कूलरचा उपयोग संपला, तेव्हा पंखाच बरा.

कडकभाकरी

अण्णा, उपयोगाचं लिहिलंत. पण भाड्याच्या खोलीत, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं काय? गच्चीवर चुना मारायला घरमालक तयार नाहीत आणि कूलर बसेल अशी खिडकी नाही, अशा खोल्या आपल्याकडे कमी नाहीत.

माळवद

त्यांनी अंथरूण बदलावं. फोमची गादी अंगाची उष्णता धरून ठेवते. उन्हाळ्यापुरती ती उभी करून ठेवा आणि फरशीवर चटई, तिच्यावर सतरंजी किंवा पातळ कापसाची गादी घाला. पश्चिमेच्या भिंतीपासून तीन-चार फूट लांब झोपा, ती भिंत सगळ्यात उशिरा निवते. टेबलफॅन असेल तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाल्यावर, साधारण नऊच्या पुढे, तो खिडकीत बाहेर तोंड करून तासभर लावा. कोंडलेली गरम हवा बाहेर जाते आणि दाराकडून गार हवा येते. बाहेर गरम असतानाच खिडक्या उघडल्या तर खोली उलट तापते.

झोपण्याआधी तास-दीड तास कोमट पाण्याने आंघोळ करा. बर्फासारखं गार पाणी नको. गार पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच राहते. कोमट पाण्याने त्या मोकळ्या होतात आणि अंग लवकर निवतं.

गच्चीवर झोपायची सोय असेल तर प्रश्नच मिटला. तिथे पहाटेच्या उजेडानेच डोळा उघडतो. फक्त मच्छरदाणी हवी. आणि कठडा कंबरेइतका नसेल तर लहान मुलांना गच्चीवर झोपवू नका, मोठ्यांनीही कडेपासून लांब अंथरावं. झोपेत उठून चालणारा माणूस घरात असेल तर गच्ची अजिबात नको.

चावीवाला

घड्याळदुरुस्ती हा धंदा, त्यामुळे गजराचं मी लिहितो. "गजर वाजलाच नाही" या तक्रारीत बऱ्याचदा तथ्य असतं.

आधी फोन. गजराच्या आवाजाची पट्टी रिंगटोनच्या पट्टीपेक्षा वेगळी असते. रिंगटोन मोठी असली तरी गजर बारीक असू शकतो, सेटिंगमध्ये जाऊन बघा. वार निवडलेले नसले की गजर एकदाच वाजतो आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. बारा तासांच्या पद्धतीत सकाळच्या जागी संध्याकाळ निवडली जाते, म्हणून फोनला चोवीस तासांची पद्धत लावा: ०५:०० आणि १७:०० यांत गोंधळ होत नाही. गजराचं ॲप वेगळं घेतलं असेल तर बॅटरी वाचवण्यासाठी फोन रात्री ते बंद पाडतो. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचे निर्बंध काढा, नाहीतर फोनसोबत आलेलं घड्याळच वापरा. रात्री आपोआप अपडेट होऊन फोन पुन्हा सुरू झाला तरी बाहेरची ॲप काही फोनवर तो अनलॉक होईपर्यंत जागी होत नाहीत. आणि फोन पूर्ण बंद पडला असेल तर आजचे बहुतेक फोन गजरासाठी स्वतःहून सुरू होत नाहीत. रात्री लाईट जाते तिथे झोपताना बॅटरी निम्म्याच्या वर हवी, चार्जरच्या भरवशावर राहू नका.

म्हणून ज्या दिवशी गाडी किंवा परीक्षा आहे त्या दिवशी जोडीला सेलवरचं टेबल घड्याळ हवंच. त्यातल्या खोड्या अशा. काट्यांच्या घड्याळाचा गजर बारा तासांचा असतो. दुपारी तीनला पाचचा गजर लावून बटण वर केलंत तर तो संध्याकाळी पाचला वाजणार. बटण रात्री झोपतानाच वर करा. गजराचा काटा मागच्या बाणाच्या दिशेनेच फिरवायचा. उलटा जोर दिला की आतलं प्लास्टिकचं चाक घसरतं आणि मग गजर कायमचा पुढे-मागे होतो. काटा अगदी पाचवर असला तरी स्वस्त घड्याळात पाच-दहा मिनिटांचा फरक पडतो. एकदा दिवसा मुख्य काटे हाताने सावकाश पुढे नेऊन गजर नेमका केव्हा वाजतो ते बघा आणि तेवढी दुरुस्ती धरून काटा लावा.

सेलचं दुखणं तर हमखास. काटे फिरवायला अगदी थोडी वीज लागते, गजराला त्याहून कितीतरी जास्त. सेल उतरला तरी काटे आठवडेच्या आठवडे बरोबर चालतात आणि गजर मात्र पुटपुटतो किंवा येतच नाही. घड्याळ चालतंय म्हणजे सेल चांगला आहे असं समजू नका. दर महिन्याला एकदा गजर वाजवून बघा. सेल बसतो त्या पट्टीवर हिरवट गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा.

चावीचं घड्याळ असेल तर रोज ठरल्या वेळी चावी द्या. गजराची चावी वेगळी असते, तीच विसरते.

आता आवाज. बाजारातल्या घड्याळांचा "पीप पीप" फार वरच्या पट्टीतला असतो. वय झालं की कानाला वरचे स्वर आधी कमी ऐकू येतात. आपल्या गावात तर लूमच्या (यंत्रमागाच्या) खडखडाटात वर्षं काढलेली माणसं घरोघरी आहेत. त्या आवाजाने कान जातो तो चार हजार हर्ट्झच्या आसपास आधी जातो. अशा माणसाला तो पीप झोपेत ऐकूच येत नाही, आणि घरातले म्हणतात मुद्दाम उठत नाहीत. त्यांच्यासाठी खालच्या पट्टीतला, भरीव आवाज लावा. साधारण ५२० हर्ट्झचा, मिश्र स्वरांचा आवाज झोपलेल्या माणसाला वरच्या पट्टीतल्या शिट्टीपेक्षा लवकर जागं करतो. अमेरिकेत झोपण्याच्या खोल्यांतल्या आगीच्या इशाऱ्याला याच कारणाने हाच स्वर नियमात घातलेला आहे. फोनवर ढोल, घंटा, हार्मोनियमचे खालचे सूर असलेली धून निवडली तरी फरक पडतो. त्यानेही जमलं नाही तर मनगटावर थरथरणारा पट्टा किंवा उशीखाली ठेवायचं कंपनाचं यंत्र.

कूलर चालू असेल तर बारीक गजर त्या घरघरीत बुडतो. फोन कूलरपासून लांबच्या बाजूला, अंथरुणापासून सात-आठ फुटांवर, रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात ठेवा. आवाज दुप्पट भरतो आणि बंद करायला उठावंच लागतं. शेजारच्या खोलीत नको, दार लागलं की संपलं.

जुळेसोलापूर

स्नूझबद्दल काय मत? दहा-दहा मिनिटांनी पाच वेळा वाजवणं म्हणजे विषच असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

सातरस्ता

विष वगैरे काही नाही. एखाद-दुसऱ्या वेळी पुढे ढकललं म्हणून दिवस वाया जात नाही. तोटा एवढाच की साडेचारपासून साडेपाचपर्यंतचा तासभर ना धड झोप होते ना उठणं होतं. पहाटेच्या त्या तासात स्वप्नांची झोप जास्त असते, तिचे तुकडे पडतात. उठायचं साडेपाचला असेल तर गजर साडेपाचलाच लावा आणि तो तास सलग झोपा.

पहिल्या गजराला मेंदू जड असतो त्यालाही कारण आहे. झोपेतून उठल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास, गाढ झोपेतून उठवलं तर त्याहून जास्त, विचार नीट चालत नाही. "आज नको, उद्यापासून" हा निर्णय नेमका त्या वेळेत घेतला जातो. म्हणून त्या वेळेसाठी निर्णय शिल्लकच ठेवू नका. कपडे, चपला, पाण्याचा तांब्या, दिव्याचं बटण सगळं रात्रीच हाताशी. उठल्याबरोबर दिवा लावा, चादरीची घडी घालून ती कोनाड्यात किंवा कपाटात ठेवा. आपली जड सोलापुरी चादर एकदा घडी होऊन वर गेली की परत ओढून झोपायला मन होत नाही, थंडीत तर हा उपाय गजरापेक्षा जास्त चालतो. मग तोंड धुवा. फोन हातात घेऊन अंथरुणावर बसलात तर पुन्हा आडवे झालात म्हणून समजा.

वेळ कशी सरकवायची ते नीट लिहितो. साडेसातला उठणाऱ्याला साडेपाच गाठायचे असतील तर अंतर १२० मिनिटांचं. पंधरा मिनिटांचे आठ टप्पे, प्रत्येक टप्प्यावर तीन दिवस, म्हणजे चोवीस दिवस. आधी उठायची वेळ सरकवा. झोपायची वेळ तिच्या मागून आपोआप येते, उलट होत नाही. एकदम दोन तास लवकर अंथरुणावर पडलात तर नुसते छताकडे बघत राहाल, कारण रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर सगळ्यात जागं असतं. रविवारी अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर नको. रविवारी साडेआठपर्यंत झोपलं की सोमवारी पुन्हा पहिल्या टप्प्यावर.

मागून मोजायची सवय लावा. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सुटते. स्टेशनवर पंचवीस मिनिटं आधी, जुळे सोलापूरहून रिक्षाला वीस मिनिटं, आवरायला पाऊण तास: म्हणजे साडेचारला उठणं आलं. सात तास झोप हवी तर साडेनऊला डोळा लागायला हवा. रोज अकराला झोपणाऱ्याला हे एका रात्रीत जमत नाही. गाडीच्या तीन-चार दिवस आधीपासून रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे उठा. इतक्या पहाटे स्वयंपाक करू नका, कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात आदल्या दिवशीच भरून ठेवली की पुरते.

चहाबद्दल: चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही रक्तात असतो. नऊ-साडेनऊला झोपायचं तर शेवटचा चहा दुपारी दोन-तीनला. रात्री झोपताना मिश्री लावायची किंवा तंबाखू धरायची सवय असेल तर तीही झोप उडवते, निकोटीन जागं ठेवणारं आहे. जेवण झोपेच्या दोन-अडीच तास आधी. रात्री साडेनऊला भरपेट जेवून पहाटे पाचला ताजंतवानं उठायचं म्हटलं तर अवघड आहे.

पंचांग

उजेडाचं गणित राहिलंय, ते मांडतो. यात सोलापूरची जागा महत्त्वाची आहे.

आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात. सोलापूर साधारण ७५.९ वर. फरक ६.६ अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे सव्वीस मिनिटं. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो वर्षाच्या सरासरीने १२ वाजून २६ मिनिटांनी. जूनच्या सुरुवातीला सूर्योदय ५:५० च्या सुमारास, जानेवारीच्या उत्तरार्धात ७ च्या सुमारास. सगळ्यात लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेचा, पण तेव्हा सूर्योदय पावणेसातनंतर काही मिनिटांनी होतो आणि त्यानंतरही जवळपास महिनाभर तो उशिराच होत जातो. म्हणून जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या दिवसांत पहाट सर्वांत काळोखी वाटते. सूर्योदयाच्या वीस-बावीस मिनिटं आधी रस्ता दिसण्याइतकं फटफटतं.

पाचला उठणाऱ्याला जूनमध्ये अर्ध्या तासात उजेड मिळतो, जानेवारीत दीड-पावणेदोन तास मिळत नाही. शरीराचं घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. (या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ सालचं नोबेल मिळालं.) पहाटे उठल्यानंतरचा उजेड झोपेची वेळ अलीकडे आणतो, रात्रीचा उजेड ती पुढे ढकलतो. हिवाळ्यात पाचला उठून अंधारात बसलात तर उठण्याचा निम्मा फायदा गेला. उठल्याबरोबर खोलीतला सगळ्यात मोठा दिवा लावा, आणि उजाडलं की वीस-तीस मिनिटं उघड्यावर जा. घरातल्या ट्यूबलाइटखाली शे-तीनशे लक्स (उजेडाचं माप) असतात, ढगाळ दिवशीही उघड्यावर काही हजार. सिद्धेश्वर तलावाकडची फेरी म्हणूनच कामाची.

ब्राह्ममुहूर्त धरून उठणाऱ्यांसाठी: मुहूर्त ४८ मिनिटांचा आणि ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाआधी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंत. सोलापुरात जूनच्या सुरुवातीला तो ४:१४ ते ५:०२ होतो, जानेवारीच्या उत्तरार्धात ५:२४ ते ६:१२. बाराही महिने घड्याळाचे चार धरून बसायची गरज नाही.

दिवा आपोआप लागावा म्हणून प्लगमध्ये बसणारा टायमर घेता येतो. खटक्यांचा, फिरत्या तबकडीचा टायमर लाईट गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. रात्री तासभर लाईट गेली तर दिवा पाचऐवजी सहाला लागणार. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. वायफायवरचे काही बल्ब लाईट परत आली की रात्री दोनलाही पूर्ण उजेडात पेटतात. ॲपमध्ये "वीज आल्यावर आधीची स्थिती" असा पर्याय असतो, तो निवडा. नऊ वॅटचा एलईडी बल्ब उशाशी पण भिंतीकडे तोंड करून लावला की पुरतो, थेट डोळ्यांवर नको.

वॉर्डातलीताई

वयस्क माणसांसाठी एक गोष्ट वर कुणी लिहिलेली नाही आणि ती गजरापेक्षा महत्त्वाची आहे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर गजर झाल्याबरोबर ताडकन उभं राहू नये. रक्तदाब एकदम उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पहाटे न्हाणीघराच्या वाटेवर पडून खुबा मोडतो. आधी कुशीवर वळा, उठून पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसा, घोटे वर-खाली हलवा, मग आधार धरून उभे राहा. वर चावीवाल्यांनी सांगितलेलं सात-आठ फुटांवरचं पातेलं या मंडळींसाठी नको, त्यांचं घड्याळ हाताशीच ठेवा.

दुसरं: वेळेवर आणि पुरेसं झोपूनही महिनोन्महिने उठवत नसेल तर तपासून घ्या. मोठं घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा बसल्या जागी डुलकी: हे झोपेत श्वास थांबण्याचं लक्षण असू शकतं, कितीही गजर लावले तरी ते बरं होत नाही. रक्त कमी असणं, थायरॉईड, मनाची उदासी यांतही सकाळ जड जाते. सर्दी-खाजेच्या काही गोळ्या रात्री अकराला घेतल्या तर त्यांची गुंगी सकाळपर्यंत राहते. डॉक्टरांना विचारून त्या संध्याकाळी लवकर घेता येतात का बघा. झोपेच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका.

बाळीवेस

ताई, दहावी-बारावीच्या मुलांचं काय? पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवायची आपल्याकडे पद्धतच आहे.

वॉर्डातलीताई

वयात येताना मुलांच्या झोपेची वेळ निसर्गतःच तास-दोन तास पुढे जाते आणि त्यांना आठ ते दहा तास झोप लागते. रात्री बाराला झोपलेल्या मुलाला चारला उठवलं तर पाठ केलेलं टिकत नाही, कारण वाचलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतच होतं. चारला उठवायचंच असेल तर रात्री आठला घरातला टीव्ही बंद झाला पाहिजे, आणि तो सगळ्यांसाठी. जमत नसेल तर सहाला उठू द्या. लहान मुलांच्या बाबतीत तर शासनानेच फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो झोप पुरी व्हावी म्हणूनच.

लूमपट्टी

हे सगळं दिवसपाळीवाल्यांचं झालं. बारा तासांची रातपाळी करून सकाळी घरी येणाऱ्यानं काय करायचं? पाळी आठवड्याला बदलते.

सातरस्ता

आठवड्याला पाळी बदलणं हेच सगळ्यात वाईट, कारण शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. ते रातपाळीला रुळायच्या आत पाळी बदलते. शक्य असेल तर मालकांशी बोलून पंधरा दिवसांची किंवा महिन्याची पाळी करून घ्या.

तोवर हे करता येईल. सकाळी घरी येताना काळा चष्मा लावा आणि घरी आल्यावर उन्हात रेंगाळू नका, सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की झोप उडते. पाळीच्या शेवटच्या पाच-सहा तासांत चहा नको. खिडकीला जुनी जाड चादर दुहेरी करून खिळ्यांवर अडकवा, कडेने फट राहता कामा नये. मे महिन्यात दुपारी वरच्या मजल्यावर झोप लागणारच नाही, खालच्या मजल्यावरची किंवा उत्तरेकडची खोली मिळवा. सलग झोप होत नसेल तर दोन तुकडे करा: आल्याबरोबर साडेचार-पाच तास, आणि संध्याकाळी कामावर जाण्याआधी दीड तास. त्यातले चार तास तरी रोज, सुट्टीच्या दिवशीही, एकाच वेळी पडतील असं बघा.

अक्का_अशोकचौक

आमच्या भागात झोप मोडते ती पाण्याने. काही दिवसांआड पाणी येतं आणि पाळी कधी रात्री दोनला, कधी पहाटे चारला. त्या रात्रीचा गजर कसा लावायचा ते सांगा कुणीतरी.

माळवद

अक्का, हौद असेल तर गजर लावूच नका. नळाची जोडणी हौदात सोडून तिथे बॉलकॉक (तरंगत्या गोळ्याने बंद होणारा कॉक) बसवून घ्या, अर्ध्या इंची नळाला अर्ध्या इंचीच. पितळी घ्या, प्लास्टिकचा दाबाने लवकर मोडतो. पाणी आलं की हौद आपोआप भरतो, भरला की बंद होतो. वरच्या टाकीत मोटारीने चढवायचं काम सकाळी सहाला उठून करा. बॉलकॉकच्या आधी एक हातकॉक हवा, म्हणजे दुरुस्तीला मुख्य लाईन बंद करावी लागत नाही. आणि एक बारीक जाळी. पाणी सुरू होताना पहिल्या झटक्यात गंज आणि वाळू येते, ती रबरी वायसरखाली अडकते आणि हौद रात्रभर वाहतो. दर दोन-तीन पाळ्यांनी जाळी काढून धुवा.

हौद नसेल, पिंपं भरायची असतील, तर दोन तारांचा पाण्याचा बझर मिळतो. तारांची उघडी टोकं नळाखालच्या बादलीच्या तळाशी बोटभर अंतरावर बांधा आणि नळ उघडा ठेवून झोपा. पाणी टोकांना लागलं की बझर वाजतो, दर तासाला उठून बघायला नको. टोकांवर क्षार चढले की तो वाजत नाही, म्हणून पाळीच्या आदल्या संध्याकाळी टोकं घासून ओल्या बोटाने एकदा वाजवून बघा. बझर सेलवर चालणारा घ्या, विजेवरचा नको.

त्या रात्री साडेआठलाच आडव्या व्हा. पाणी दोनला येऊन तीनला गेलं तर पुन्हा झोपा, आणि सकाळी रोजच्या वेळेपेक्षा अर्धा तासच उशिरा उठा. राहिलेली झोप दुपारी एक ते तीनच्या दरम्यान वीस मिनिटांत भरून काढा, गजर लावून. दुपारी दीड तास झोपलात तर रात्री डोळा लागणार नाही.

अक्का_अशोकचौक

हौद आहे, हातकॉक पण आहे. जाळी नव्हती, म्हणूनच वाहत होता की काय बघायला हवं. प्लंबरला उद्या बोलावते. जाळी हातकॉकच्या आधी की नंतर?

माळवद

नंतर. हातकॉक, मग जाळी, मग बॉलकॉक. जाळी आधी बसवली तर ती धुवायला मुख्य लाईन बंद व्हायची वाट बघावी लागेल.